परळचा थोरला, फणसवाडीचा धाकटा

आमच्या ऑफिसात संघमित्रा गमरेला सगळे संघू म्हणतात. मी म्हणत नाही. आईबापांनी एवढं देखणं नाव ठेवलं, ते काय तुम्ही अर्धं खाऊन टाकावं म्हणून? मी आपला पूर्ण नावानं हाक मारतो, "संघमित्रा, इकडे ये गो," आणि ती तिकडून "आले काका" म्हणत येते. तोंडात काहीतरी चालू असतंच. कधी चणे, कधी कुरमुरे, काही नसलं तर नुसती खडीसाखर. कॉम्प्युटरवाल्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये वायरी असाव्यात. हिच्या ड्रॉवरमध्ये चिवडा असतो आणि वायरी चिवड्याखाली.

मी धोंडू पाताडे, या वकिलांच्या ऑफिसातला हेडक्लार्क. रिटायर व्हायचं वय कधीच मागे पडलं, पण मला घरी बसा म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही. ऑफिस परळला, हिंदमाताच्या अलीकडे, तळमजल्यावर. गिरणी कामगारांची घरं, चाळीतल्या खोल्या, वारसांची प्रकरणं, हे आमचं काम. त्याआधीचं जुनं ऑफिस गिरगावात, फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. मोठ्या वकीलसाहेबांनी तिथूनच सुरुवात केली. आता साहेब घरी पेपर वाचतात आणि ऑफिस त्यांची मुलगी नूपुर मॅडम बघतात.

हिंदमाताला पाणी भरतं हे जगाला ठाऊक आहे. एका वर्षी ते आमच्या खुर्च्यांवर येऊन बसलं, तेव्हा साहेबांनी ठरवलं की कागदपत्रांचा सर्व्हर एक नको, दोन हवेत. एक परळला, एक फणसवाडीला. आता सर्व्हर म्हणजे तुम्ही आपलं कपाट समजा. स्कॅन केलेल्या भाडेपावत्या, रेशनकार्डं, अर्ज, निकाल, सगळं त्या कपाटात, आणि प्रत्येकाने आपापल्या टेबलावरून ते उघडायचं. परळच्या कपाटात कुणी कागद ठेवला, की थोड्याच वेळात त्याची नक्कल फणसवाडीच्या कपाटात जाऊन बसते. इथे फोल्डर हलवलं की तिथेही हलतं. आणि परळचं कपाट बंद पडलं, की आमच्या टेबलांवरचे कॉम्प्युटर गपचूप फणसवाडीकडे वळतात. आम्हाला पत्ताही लागत नाही. निदान लागू नये, असं संघमित्राचं म्हणणं.

परळच्याला ती थोरला म्हणते, फणसवाडीच्याला धाकटा. "थोरल्यानं जे खाल्लं ते धाकट्यालाही मिळालं पाहिजे," हे तिचं कायमचं. रोज सकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावरून काढायच्या आधी, रात्री कुठलं काय पोचलं याचा रिपोर्ट बघणार. आणि दर शुक्रवारी दुपारी "धाकट्याकडे जाऊन येते" म्हणून गिरगावात जाणार, त्याच्यावरची धूळ पुसणार, पंखा नीट फिरतोय ना बघणार, आणि येताना तिथल्या दुकानातले गरम साबुदाणा वडे घेऊन येणार. धाकट्याच्या निमित्ताने आमचा शुक्रवार चांगला जायचा.

नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली पोर. बाप गौतम गमरे गिरणीत कामाला होता, तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. आई मीराबाई आणि ही, दोघीच. गिरणी कामगाराच्या घरासाठी मीराबाईंचं वारसाचं प्रकरणही आमच्याच ऑफिसात आहे. संघमित्राचा पगार हाच घरचा आधार, हे ती कधी बोलून दाखवत नाही, पण ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

आता सगळं जुळलेलं आहे हे ठीक. पण थोरला खरंच आडवा पडला तर धाकटा उभा राहतो का, हे कसं कळणार? त्यासाठी थोरल्याला मुद्दाम बंद करून बघायला हवं. संघमित्रा नोकरीला लागली तेव्हापासून साहेबांच्या मागे लागली होती. एक दिवस द्या, साहेब, एकच दिवस. साहेब म्हणायचे, "चालतंय ना? मग चालू दे." वकील माणूस. चालतं मशीन बंद करायची परवानगी म्हणजे त्यांना आपण होऊन गुन्हा कबूल केल्यासारखं वाटायचं.

तर एका वर्षी नवरात्रात मी साहेबांकडे वेगळ्याच कामाला गेलो होतो. माझे वडील लालबागला गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. खंडेनवमीला साचेखात्यात सगळं थांबायचं. पुसून लख्ख करायचे, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. मी साहेबांना म्हटलं, "आपलं मुख्य यंत्र वर्षभर रात्रंदिवस घरघरतंय. त्याला ना पूजा, ना एक दिवसाचा विसावा. हे काही बरं नाही." साहेबांनी लगेच हात जोडले. "अरे, हे आपल्या लक्षात कसं नाही आलं? खंडेनवमीला बंद ठेवा दिवसभर."

झालं. दरवाज्याबाहेर संघमित्रा उभी होती. तिनं मला पॅसेजमध्ये गाठलं.

"काका, मी बौद्ध आहे. मी पूजा करत नाही, आरतीला उभी राहणार नाही."

"मी कुठे तुला बोलावलं?"

"पण मशीन बंद करणार असाल तर मी तुमच्या बाजूने."

मग आमचा करार झाला. कुंकू कपाटाच्या दाराला लावायचं, मशीनला नाही. अगरबत्ती खोलीत नको, धूर आत जातो. अक्षता टाकायच्या नाहीत, कारण पंख्यात तांदूळ गेला तर तो भात शिजवत बसणार. हार दाराला, नारळ मोरीत. बदल्यात थोरला संध्याकाळपर्यंत बंद. मी फार कटकट केली, शेवटी ऐकलं. पूजेच्या वेळी ती हाताची घडी घालून दारात उभी राहते, माझ्या हातातल्या कुंकवाच्या करंड्यावर पोलिसासारखी नजर ठेवून. आणि पेढे सगळ्यांत जास्त तीच खाते. तेव्हापासून दर खंडेनवमीला थोरल्याची सुट्टी आणि धाकट्याची परीक्षा असं चालत आलंय, आणि धाकटा दर वर्षी पास होत आला.

मग गेल्या दिवाळीनंतर जुना धाकटा मोडीत निघाला. नूपुर मॅडमनी त्याच्या जागी एक लहानसा काळा डबा आणला, थोरल्यापेक्षा वेगळ्याच जातीचा. संघमित्रानं सगळी कागदपत्रं नव्याने त्यात भरली, रोजचा रिपोर्ट हिरवा यायला लागला, आणि आम्ही वडे खायला मोकळे झालो.

यंदा भाद्रपदात मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम स्वभावाने वाईट नाहीत. बोलतात मोजकं आणि स्पष्ट, तेवढंच मला खुपतं.

"संघमित्रा, एक बाहेरची कंपनी आली आहे. आपली सगळी कागदपत्रं तेच सांभाळतील म्हणतात. मला फणसवाडीच्या त्या डब्याचा उपयोग कळत नाही. इतक्या वर्षांत तो खऱ्या अर्थाने कधी लागलाच नाही."

"लागला नाही हे चांगलंच की, मॅडम."

"कबूल. पण मला खात्री हवी. या खंडेनवमीला तुम्ही थोरला बंद करता ना? करा. मी दिवसभर नेहमीसारखं काम करेन. मला कुठेही अडलं नाही, तर डबाही राहील आणि हे काम तुझ्याकडेच राहील. अडलं, तर मी त्या कंपनीला हो म्हणेन."

काम बाहेर म्हणजे संघमित्राही बाहेर, हे मॅडम बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. बाहेर आल्यावर संघमित्रा हसली, "होईल काका, धाकटा हुशार आहे," आणि माझ्या हातावर चणे ठेवले. मी ते न खाता खिशात टाकले. मला ती ऑफिसात हवी होती. दिवसभर माझ्याशी भांडायला दुसरं आहे कोण?

खंडेनवमीला मी पूजा केली, तिनं करंड्यावर पहारा केला, आणि मग तिनं थोरला बंद केला. ती घरघर थांबली की ऑफिस एकदम रिकामं वाटतं. मॅडम आल्या, केबिनमध्ये बसल्या, कामाला लागल्या. एक निकाल उघडला, उघडला. एक करारनामा बदलून ठेवला, राहिला. जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः बाहेर येऊन पेढा घेऊन गेल्या आणि संघमित्राकडे बघून चक्क हसल्या. माझ्या जिवात जीव आला.

जेवण झाल्यावर मी वारसांच्या प्रकरणांतलं एक पत्र तयार करायला बसलो. वारस म्हणून आमच्याकडे एक मोठं फोल्डर आहे, त्यात एकेका कुटुंबाचं एकेक फोल्डर. मी ते उघडलं, आणि मला पाहिजे ते कुटुंब तिथे नव्हतं. चष्मा पुसला. तरी नव्हतं. त्याच्या खालचंही नव्हतं.

मी उठलो आणि काही घडलंच नाही असं दाखवत संघमित्राच्या टेबलाजवळ गेलो. "वारस बघ," एवढंच म्हटलं.

तिनं बघितलं. तोंडातलं चघळणं थांबलं. मग ती भराभरा काहीतरी उघडत गेली, आणि बऱ्याच वेळाने आवाज दाबून म्हणाली, "काका, नावं लांब आहेत."

"लांब म्हणजे?"

इथे मला आमच्या ऑफिसची एक रीत सांगितली पाहिजे. मोठ्या साहेबांचा पहिल्यापासूनचा नियम असा, की पक्षकाराचं नाव तोडून लिहायचं नाही. आपल्याकडे येणारा माणूस जन्मभर कुणाच्या तरी दारात उभा राहिलेला असतो, निदान आपल्या कपाटात तरी त्याचं नाव सगळं असू दे, असं साहेब म्हणायचे. तो नियम चालवणारा मी. फोल्डरवर आधी कै. श्री., मग माणसाचं, बापाचं नाव आणि आडनाव, मग 'यांच्या वारस पत्नी श्रीमती' अमुक, मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. नवीन आलेल्या कुणी आखडतं लिहिलं की मी त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतो. संघमित्राच्या वडिलांच्या फोल्डरवर मी कै. लिहिलं होतं, तर ती म्हणाली, "आम्ही कैलासात जात नाही काका, कालकथित लिहा." मी लिहिलं. तिचंही बरोबर होतं.

तर थोरल्याला असली नावं चालतात. नव्या धाकट्याला नाही. त्याच्याकडे एका नावाला ठरावीकच जागा, आणि मराठीचं एकेक अक्षर तिथे इंग्रजीच्या तिप्पट जागा अडवतं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, सगळं मोजतो मेला. बिल्डरांचे इंग्रजी नावाचे करारनामे बसले, बारकी मराठी नावं बसली. 'कै. श्री.'पासून 'जि. रत्नागिरी'पर्यंतची माणसं दारातच राहिली.

"पण तुझा रिपोर्ट हिरवा यायचा ना रोज?"

"कुणी फाइल उघडी ठेवून घरी गेलं की सगळं तिथंच अडायचं. म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, जमत नाही ते सोड आणि पुढे जा." ती स्क्रीनकडे बघत राहिली. "त्यानं सोडलं. आणि पुढे गेला. आणि हिरवा दिवा दाखवला."

राहून गेलेल्यांची यादी खाली सरकवत सरकवत ती एका ठिकाणी थांबली. 'कालकथित श्री. गौतम राजाराम गमरे यांच्या वारस पत्नी श्रीमती मीराबाई गौतम गमरे' हे फोल्डर धाकट्याकडे नव्हतं. गेली दिवाळी झाल्यापासून नव्हतं. दर शुक्रवारी ज्याच्यावरची धूळ ती पुसत होती, त्याच्यात तिचा बाप नव्हता.

मग माझं डोकं चालायला लागलं. मी खुर्ची ओढून तिच्या कानाशी बसलो. "हे बघ, मॅडम वारसांच्या वाटेला जात नाहीत, ते माझं खातं. त्यांना काही कळलेलं नाही. संध्याकाळी थोरला सुरू कर, उद्या दसरा, सुट्टी, परवा आल्यावर गुपचूप दुरुस्त कर. नोकरी राहते, डबा राहतो, कुणाचं काही बिघडत नाही."

खोटं कशाला सांगू, मला त्यात काही गैर वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही.

तिनं ड्रॉवर उघडला, चिवड्याची पिशवी काढली, आणि न खाता परत ठेवली. तेव्हा मला कळलं की ही ऐकणार नाही.

"काका, आज रात्री इथे आग लागली तर?"

"कशाला लागेल?"

"लागली तर आपल्याकडे राहतील ते बिल्डरचे करारनामे. आणि जाणार कोण? सगळे वारस. मी हे लपवलं आणि तेवढ्यात काही झालं, तर आईला काय सांगू?" ती उठली. "मॅडमना सांगते."

"अगो, दोन दिवस थांब."

थांबते कसली. गेली सरळ केबिनमध्ये. मला तिचा एवढा राग आला की मी पण मागोमाग गेलो.

तिनं सगळं सांगितलं. स्वतःची चूक आधी सांगितली, डब्याची नंतर. नूपुर मॅडम ऐकत होत्या, पेन खाली ठेवून. शेवटी म्हणाल्या, "मला तर आज काहीच अडलं नव्हतं."

"तुम्हाला नाही अडलं, मॅडम. वारसांना अडलं असतं."

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं."

"हो."

मॅडम थोडा वेळ पेनाशी खेळल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. त्या कंपनीचं मी कोजागिरीनंतर ठरवते. तोवर हे दुरुस्त कर. सोपं आहे, नावं काढून टाका. प्रत्येक पक्षकाराला नंबर द्या. नंबर बसेल ना डब्यात?"

आणि माझं डोकं फिरलं.

"नंबर?" मी म्हटलं. "तुमच्या वडिलांनी हे ऑफिस नंबरांवर चालवलं नाही, मॅडम. माझा पक्षकार काय गाडीची नंबरपाटी आहे? त्या डब्याला मराठी माणसाचं नाव गिळवत नसेल तर डब्याला तोंड मोठं करायला सांगा. मी एक वेलांटीसुद्धा काढणार नाही."

"धोंडूकाका, हा तांत्रिक प्रश्न आहे."

"असू दे तांत्रिक. मी नाही काढणार."

मला वाटलं संघमित्रा मॅडमच्या बाजूनं बोलेल. कॉम्प्युटरवाली ती, आणि नंबर टाकले की तिचं काम एका दुपारचं. पण ती म्हणाली, "मॅडम, नंबर नको. माझ्या बाबांना गिरणीत बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारायचे. जॉबर, म्हणजे मुकादम, खुशीत असला तर गौत्या. गौतम राजाराम गमरे असं पूर्ण, श्री लावून, एकाच ठिकाणी लिहिलंय. काकांच्या फोल्डरवर. ते कापायला मला सांगू नका, मी दुसरं काहीही करीन."

आतून हललो की मी आणखी जोरात बोलतो. तो माझा स्वभावच आहे. मी म्हटलं, "पोस्टात काय पत्र एका घासात वाचतात का? आधी जिल्हा बघतात, त्या पिशवीत टाकतात. मग तालुका, मग गाव. नाव सगळ्यांत शेवटी, पोस्टमन दारात उभा राहिला की. हा डबा त्या पोस्टमनपेक्षा ढ आहे का?"

संघमित्रा माझ्याकडे वळली. "काका, काय म्हणालात?"

"डबा ढ आहे म्हणालो."

"त्याच्या आधी." आणि ती हसायला लागली. "जिल्ह्याचं एक फोल्डर. त्याच्या आत तालुक्याचं. त्याच्या आत गाव. गावाच्या आत माणूस, त्याच्या आत वारस. धाकटा एका वेळी एकच नाव मोजतो. सगळं एकाच पाटीवर लिहिलं म्हणून मावलं नाही. पाच पाट्या केल्या तर एक अक्षरसुद्धा कापायला नको."

मी सांगतो, हे मला सुचलं असं कुणी म्हणू नये. मी फक्त भांडत होतो. मॅडम मात्र दोघांकडे बघून म्हणाल्या, "करा," आणि हसू लपवायला त्यांनी फाइल उघडली.

दसऱ्याची सुट्टी संपली, आणि त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, एवढी मजा आली. ती कॉम्प्युटरवर, मी बाजूला खुर्ची टाकून, एकेक माणूस त्याच्या गावी पोचवत होतो. मी ओरडायचो, "राजापूर," ती म्हणायची, "पोचले." मी, "देवगड," ती, "काका, देवगड सिंधुदुर्गात, तुम्ही रत्नागिरीत घातलं." आमच्या लहानपणी सगळी रत्नागिरीच होती, त्याला मी काय करू? सातारा आला, कोल्हापूर आलं, एक कुटुंब थेट बीडचं निघालं. ऑफिसातली बाकी पोरं येता-जाता आपापलं गाव शोधायला लागली. एकानं तर आपल्या आजोबांचा भाऊ शोधून काढला. आणि या खेपेला संघमित्रानं त्या रिपोर्टला नवीन शिस्त लावली. काही सोडलं तर लाल दिवा, मग ते एक असो नाहीतर शंभर. दोन्हीकडची फोल्डरं रोज मोजून ताडून बघायची, आणि मोजणी जुळली तरच हिरवा.

पण मॅडमनी काहीच कळवलं नाही. कोजागिरी झाली. मसाला दूध पिऊन झालं. ती बाहेरची कंपनी दोनदा ऑफिसात येऊन गेली, गळ्यात पट्टे घालून. संघमित्रा नेहमीसारखी होती, फक्त चिवडा संपला तरी नवीन आणत नव्हती. मला ते बघवत नव्हतं.

मग एका साध्या दिवशी, ना पूजा, ना सण, मी सकाळी टेबलाशी बसलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरघर नव्हती. संघमित्रा मोबाइलकडे बघत उभी होती. थोरला बंद असल्याचा निरोप तिला आला होता. ती धावत आतल्या खोलीकडे गेली, तर खोलीला कुलूप, आणि किल्ली मॅडमच्या टेबलावर. काचेतून दिसत होती. मॅडमनी मान वर केली नाही. त्यांनी स्वतः येऊन थोरला बंद केला होता.

सबंध दिवस मॅडमनी दुसरं काही केलं नाही. वारसच उघडत बसल्या. आतून विचारायच्या, "काका, शिरोडकरांचं गाव कुठलं?" मी सांगायचो, आणि कान टवकारून ऐकत बसायचो, अडतं की उघडतं. "तालुका लांजा का?" "हो मॅडम, लांजा." शांतता. मग पुढचं नाव. त्यांनी किती नावं विचारली देव जाणे. शर्ट माझा पाठीला चिकटला. संघमित्रा आपल्या जागी पाठ ताठ करून बसली होती, परीक्षेचा पेपर चालू असल्यासारखी.

दुपारी चारच्या सुमाराला मीराबाई आल्या. मॅडमनीच बोलावलं होतं, प्रतिज्ञापत्रावर सही हवी होती. बारीक चणीची बाई, पांढरी साडी, हातात औषधांची पिशवी. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "धोंडूकाका, यांचं फोल्डर उघडा. इथेच, माझ्यासमोर."

मी रत्नागिरी उघडलं. गुहागर उघडलं. पालशेत उघडलं. आणि तिथे होतं. 'कालकथित श्री. गौतम राजाराम गमरे'.

मीराबाई पुढे वाकल्या. शाळेत थोडं शिकलेल्या, बोट लावून वाचतात. काचेवर बोट फिरवत शेवटच्या 'रे'पर्यंत गेल्या आणि पुन्हा मागे आल्या.

"ह्ये सगळं ह्यांचंच नाव?"

"हो, मीराबाई."

"येवढं कुणी घेतच नव्हतं." मग त्यांनी लेकीला विचारलं, "ह्ये हितं ठेवलंय व्हय गो?"

"हे गिरगावात आहे, आई. इथलं आज बंद आहे."

"बंद हाय? आन तरी दिसतंय?"

"हो."

"म्हंजी हितं पाणी भरलं, काय बी झालं, तरी ह्ये ऱ्हाणार?"

"राहणार."

मीराबाईंनी पदर डोळ्याला लावला. मलाही भरून आलं, लपवत नाही. माझ्या वडिलांचं नाव असं कुठल्याच कपाटात नाही.

मॅडम आमच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं, मीराबाईंना पेन दिलं, सही होऊ दिली. मग म्हणाल्या, "संघमित्रा, त्या कंपनीला मी सकाळीच नको म्हणून कळवलं."

"सकाळी? मग आजची परीक्षा कशाला, मॅडम?"

"माझी होती ती. वारसांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. तू खंडेनवमीला केबिनमध्ये आलीस ना, तेव्हाच तुझी झाली." त्यांनी किल्ली काढून तिच्यापुढे धरली, आणि संघमित्रानं हात पुढे केल्यावर पुन्हा मुठीत घेतली. "पण थोरला आज सुरू करू नकोस. राहू दे रात्रभर बंद, धाकटा आहे ना. उद्या आल्यावर बघू."

इतक्या वर्षांत संघमित्रा थोरल्याची घरघर ऐकल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडलेली मी पाहिली नव्हती. ती मॅडमच्या मुठीकडे बघत होती. मग तिनं पर्स खांद्याला लावली, आईच्या हातातली औषधांची पिशवी घेतली, आणि थोरला बंद ठेवून, उजेड असतानाच, दोघी घरी गेल्या.